मनगट मोडलेला मावळा

पठाणाचा हात कापायला बारा मिनिटं लागली. आकडा उगाच सांगत नाही, समोर घड्याळ होतं. पठाण कथिल-शिशाचा, तळपायापासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर, आणि हातात जवळपास त्याच्याच उंचीची जझैल बंदूक. माझ्या हातात सोनाराची करवत, दोऱ्याएवढ्या पात्याची. नॉटिंगहॅममधला नोव्हेंबर, चारलाच बाहेर अंधार. स्वयंपाकघरातल्या टेबलावर रद्दी पसरून मी एका टोळीवाल्याला सतराव्या शतकातला मावळा करायला बसलो होतो.

नोकरीसाठी इथे आलो तेव्हा या गावाबद्दल मला रॉबिन हूड तेवढा ठाऊक होता. युद्धखेळांची धातूची बाहुली ओतण्याचं हे एक मोठं ठिकाण आहे, हे नंतर कळलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस जवळच्या नेवार्कमध्ये सिटाडेल मिनिएचर्सची सुरुवात झाली. पुढे गेम्स वर्कशॉपचं मुख्यालय शहराच्या लेंटन भागात आलं. तिथून बाहेर पडलेल्या कारागिरांनी स्वतःची दुकानं काढली, आणि या सगळ्या टापूला ‘लेड बेल्ट’ हे नाव पडलं. शिशाचा पट्टा. या पट्ट्यापायी पुढे माझ्यावर दुसऱ्याच एका पट्ट्याची वेळ आली.

एक सहकारी मला रविवारी चर्चच्या सभागृहात भरणाऱ्या क्लबात घेऊन गेला. लांबलचक टेबलं, त्यावर हिरवं कापड, फोमचे डोंगर, शेवाळाची झाडं, आणि दोन्ही बाजूंना पिकल्या केसांचे गृहस्थ हातात मोजपट्टी आणि फासे घेऊन अतिशय गंभीरपणे उभे. मला हसूच फुटलं. अरे, हा तर दिवाळीचा किल्ला! फरक इतकाच की आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर अळीव उगवायचे आणि मावळे आपापल्या बुरुजावर पाडव्यापर्यंत निमूट उभे राहायचे. इथले चालत होते, मरत होते, पळून जात होते.

आणि हत्यार बदलण्याचं म्हणाल तर ते आम्ही किल्ल्यावरही करायचोच. बाजारातून आणलेल्या मातीच्या मावळ्याची तलवार घरी येईपर्यंत मोडलेली असे. मग खराट्याचा हीर तोडून त्याच्या मुठीत खुपसायचा आणि वरून आईच्या परातीतली कणीक लिंपायची. दुसऱ्या दिवशी कणकेला मुंग्या लागायच्या. तीस वर्षांनी हाच उद्योग मी पौंड खर्च करून पुन्हा शिकलो. मुंग्या तेवढ्या वाचल्या.

क्लबात दर हिवाळ्यात कुणीतरी आपल्या मुलखातली लढाई मांडायची, अशी रीत होती. माझी पाळी आली तेव्हा मी घोडखिंड म्हणालो. १३ जुलै १६६०. पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले महाराज विशाळगडाकडे, मागे सिद्दी मसूद, आणि मधल्या अरुंद वाटेवर बाजीप्रभू. मराठी माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही, तिथे मात्र मला पाऊण तास लागला. शेवटी एकाने विचारलं, ‘तोफ ऐकू येईपर्यंत किती फेऱ्या टिकायचं?’ म्हटलं, यांना खेळ समजला.

प्रश्न मावळ्यांचा होता. मला तीस हवे होते. क्लबाच्या जुन्या सामानाच्या टेबलावर पाच पौंडांत पठाणांचं एक खोकं मिळालं. कुणाच्या तरी माळ्यावरून आलेले, निम्मे रंगवलेले. डोक्याला फेटा, सैल कुडता, कमरेला शेला, दाढ्या. लांबून पाहिलं तर चालून जाईल. पण सगळे बंदूकवाले, आणि सगळ्यांची उभं राहण्याची ढब एकच: दोन्ही हात छातीपुढे, पोटावर बंदूक आडवी.

त्या ढबीचं कारण मला क्लबातल्या एका निवृत्त दंतवैद्यांनी समजावलं. त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत, मीही म्हणू लागलो. ही बाहुली रबराच्या दोन तबकड्यांमध्ये ओततात. तबकड्या गरगर फिरवायच्या आणि मधल्या भोकातून वितळलेला धातू सोडायचा. तो फिरण्याच्या जोराने कडेच्या साच्यांत जाऊन बसतो. थिजला की दोन तबकड्या विलग करायच्या. आता बाहुल्याचा हात समोर, तुमच्या नाकाच्या दिशेने आला असेल तर तो साच्यात अडकणार, रबर फाटणार. म्हणून अख्खं बाहुलं एका ओतकामात करायचं तर त्याचे हातपाय एका पातळीत पसरावे लागतात, पापडासारखे. जुने धातूचे शिपाई थोडे चपटे दिसतात ते यामुळे. समोर झेपावणारा हात हवा असेल तर तो वेगळा ओतून चिकटवायचा, नाहीतर माझ्यासारखा कापून बसवायचा.

डॉक्टरांनी मला दोन वस्तू दिल्या. दातातली कीड उकरायची, दोन्ही टोकांना वेगवेगळी वळलेली पोलादी सळई, आणि एक ताकीद: कानस मारताना तोंडात काही टाकायचं नाही, उठल्यावर आधी हात धुवायचे, जुन्या धातूत शिसं असतं. चहाचा कप त्यांनी स्वतः उचलून ओट्यावर ठेवला.

नवी मुंडाशी आणि मुठी घडवायची पुट्टी मात्र माझी मला विकत घ्यावी लागली. तिला सगळे ग्रीन स्टफ म्हणतात, पण येते ती निळ्या-पिवळ्या जोडपट्टीच्या रूपात. दोन्ही सारखे घेऊन मळले की हिरवा गोळा होतो. जिथे निळं आणि पिवळं एकमेकांना चिकटलेलं असतं ती मधली रेघ आधीच कापून टाकायची. ती पाकिटातच कडक झालेली असते आणि मऊ गोळ्यात कण्या राहतात. हे मला सातव्या पागोट्यानंतर कळलं. निळं जास्त घेतलं तर गोळा कडक होतो आणि धारदार कडा निघतात, पिवळं जास्त घेतलं तर तो लिबलिबीत, चिकट, पण बराच वेळ वळवता येतो. पट्टीच्या पाकिटावर हे कुणी लिहीत नाही. पोळीच्या कणकेत पाणी किती, हे तरी कुठे लिहिलेलं असतं?

मळल्यावर लगेच कोरायला घेतलं की ती हत्याराला चिकटून वर येते. वीसेक मिनिटं तशीच ठेवायची, म्हणजे थोडी ताठरते. मग सळई पाण्यात बुडवून काम करायचं. तासाभराने ती ऐकेनाशी होते, दुसऱ्या दिवशी रबरासारखी चिवट झालेली असते. तलवारीच्या मुठीसारखी टणक गोष्ट करायची तर वेल्समध्ये बनणारी मिलिपुट चांगली, ती दगडासारखी सुकते, कानसता येते. दोन्ही मिसळून वापरायला मी जानेवारीत शिकलो.

पहिलं मुंडासं केलं आणि मोठ्या खुशीत बायकोला दाखवलं. ती म्हणाली, ‘यावर तुझा अंगठा उमटलाय.’ उमटला होता. मुंडाशाच्या घड्यांच्या जागी माझ्या अंगठ्याच्या रेषा, आधार कार्डासारख्या स्पष्ट. तेव्हापासून बोटं ओली केल्याशिवाय पुट्टीला हात लावला नाही. मुंडाशासाठी शेवयांसारख्या बारीक दोऱ्या वळायच्या, कपाळावरून तिरक्या नेऊन एकीखाली दुसरी दडपायची. एकामागून एक आडव्या गुंडाळल्या की मधमाश्यांचं पोळं दिसतं. मी तसली पाच पोळी केली आणि कापून काढली.

ढाली सोप्या निघाल्या. २८ मिलिमीटरचा माणूस म्हणजे साधारण छप्पन्नावा हिस्सा. दीड फुटी ढाल आठ मिलिमीटरची झाली. ड्रॉइंग पिनची घुमटी टोपी जवळपास तेवढीच असते. पिन छाटायची, टोपीवर पुट्टीचे चार ठिपके टेकवायचे, झाली कासवाच्या पाठीची ढाल. बरच्या पितळी तारेच्या, टोक हातोडीने चेपून कानसलेलं. पठाणांचे पायघोळ सुरवार गुडघ्याखाली कानसून पोटऱ्या उघड्या पाडल्या. आणि जुलैतल्या सह्याद्रीत कोरडा माणूस कसा असेल, म्हणून चौघांना घोंगडीची खोळ दिली. खरं सांगायचं तर त्या चौघांचे खांद्याचे सांधे फार वाईट जमले होते. घोंगडीने लाज झाकली.

आता राहिला तो मुख्य माणूस. बाजीप्रभूंच्या हाती मी दांडपट्टा द्यायचं ठरवलं. कुठल्याही कॅलेंडरवर, शाळेच्या भिंतीवर पाहिलेला. साडेतीन फुटांचं पातं म्हणजे १९ मिलिमीटर. तार चेपून चेपून पातळ केली, पुट्टीने कोपरापर्यंतचा पोलादी मोजा केला, आणि पुढे मनगटात डौलदार बाक देऊन पातं वर उचललेलं बसवलं. तीन संध्याकाळी गेल्या. फोटो काढून कोल्हापूरला मामांना पाठवला. मामा तरुणपणी तालमीत मर्दानी खेळ खेळलेले, शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा फिरवून जमिनीवरचं लिंबू कापणारे.

दोन मिनिटांत फोन.

‘मनगट मोडलंय रं ह्याचं.’

‘मामा, तो वार करतोय.’

‘कशानं? लेका, पट्ट्यात मनगट हलतंय व्हय कुठं? आत आडवी मूठ असती, ती धरायची. वरनं मोजा पार कोपरापातुर. हात आन् पातं एकच काठी झाली की न्हाई? मग वार मनगटानं न्हाई, खांद्यानं. खांद्यानं बी न्हाई, कंबरंनं. गडी गरकन फिरला पायजे.’

मी पट्टा पन्नास वेळा पाहिला होता. शाहू जयंतीला, जत्रेत, सिनेमात. पण तो धरतात कसा हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इतकी वर्षं नुसती चकाकी पाहिली होती. पुढच्या शनिवारी गाडी काढून लीड्सला रॉयल आर्मरीजमध्ये गेलो. लोक तिथल्या हत्तीच्या चिलखतासमोर गर्दी करून उभे होते. मी भारतीय शस्त्रांच्या काचांपुढे आडवा-तिडवा वाकून मोज्यांच्या आत डोकावत होतो. सुरक्षारक्षक दोनदा माझ्यामागून गेला. आडवी मूठ दिसली.

म्हणजे हात नव्याने करायचा. कोपरातूनही नाही, खांद्यातून. तो समोर यायला हवा, आणि समोर येणारा हात म्हणजे साच्याच्या विरुद्ध जाणारा हात. उचकटलेल्या सांध्याला नुसता सुपरग्लू पुरत नाही. बोटांनी फिरवायच्या ड्रिलने दोन्हीकडे ०.८ मिलिमीटरचं भोक पाडून आत पितळी तार घालावी लागते. दोन भोकं समोरासमोर यायला एक युक्ती आहे: एका भोकावर रंगाचा ठिपका द्यायचा, हात खांद्याला टेकवायचा, ठसा उमटतो तिथे दुसरं भोक. मी ठसा बरोबर घेतला, आणि घाईत ड्रिल तिरकं धरलं. पातं आतच तुटलं. ते पोलादाचं, बाहेर निघेना. बाजीप्रभूंच्या उजव्या खांद्यात तो तुकडा अजून आहे. शेजारी दुसरं भोक पाडलं.

कंबर फिरवायला धड शेल्यावर कापून पंधरा अंश वळवलं आणि फटीवर नवा शेला लिंपला. आता खांद्यापासून टोकापर्यंत एक सरळ रेघ, धड तिच्यामागे पिळलेलं. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं. त्यांना पट्टा वगैरे काही माहीत नव्हतं. म्हणाले, ‘आता हा माणूस जड वाटतो.’ याहून चांगली दाद मला त्या हॉलमध्ये कधी मिळाली नाही.

मार्चमध्ये खेळ झाला. खिंड चार फुटांची, विशाळगड टेबलाबाहेर कुठेतरी. माझे फासे इतके वाईट पडले की तोफ होण्याआधी खिंडीत चौघेच उरले, तेही घोंगडीवाले. मसूदाच्या बाजूने खेळणारा गृहस्थ बाजीप्रभूंना टेबलावरून उचलताना क्षणभर थांबला आणि पात्याला धक्का लागू नये म्हणून त्याने पुतळा बुडाला धरून उचलला.

दिवाळीत तो पुतळा कापसात गुंडाळून कोल्हापूरला नेला. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुतळा डोळ्यांजवळ नेला, गोल फिरवला. मनगट, खांदा, कंबर. मी श्वास रोखून.

‘मागचा पाय,’ ते म्हणाले. ‘टाच उचलायला पायजे. एवढा फिरला म्हटल्यावर टाच भुईवर कशी राहील?’

हा धातू मऊ असतो, जरासा वाकवता येतो. मी मामांच्या पेटीतली पकड घेतली, घोटा हलकेच वळवला, आणि तो कट्कन तुटला. मामीने शिवणाच्या डब्यातून टाचणी दिली. भोक पाडायला मामांकडे घड्याळ दुरुस्तीचं एक बारीक ड्रिल निघालं. टाचणी बसली, फेविक्विक लागलं, पण फट उरली, आणि ग्रीन स्टफ नॉटिंगहॅमला. मामा उठून मोरीत गेले आणि गळक्या नळाला लावून उरलेलं एम-सीलचं पाकीट घेऊन आले. दोन तुकडे तोडले, तळहातावर मळले, काळपट राखाडी गोळी केली.

‘पाणी लाव बोटाला,’ मी म्हणालो.

‘ठावं हाय,’ मामा म्हणाले, आणि घोट्याभोवती गोळी दाबायला लागले.