लोहाऱ्याचा साग आणि बोटभर बिट

गावाचं नाव लोहारा, आणि माझे वीकएण्ड जातात सुतारकामात! ऑफिसात 'राउटर घेतलाय' म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या कंपनीचं वायफाय?" नाही हो! हा राउटर लाकडाला खाच पाडतो, कडेला गोलाई देतो आणि शेजाऱ्यांची दुपारची झोप उडवतो. त्याच्या तोंडात बसतं ते बोटभर लांबीचं पातं, म्हणजे राउटर बिट. मशीन कोणीही निवडतं हो, पण खरा फंडा आहे बिट निवडण्यात.

यवतमाळला लागून असलेलं आमचं लोहारा बाहेरच्यांना माहीत असतं ते एमआयडीसीमुळे. तिथलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा सागवानी दोन झडपांचं दार भंगारात निघालं होतं. आई म्हणाली, "या दारातून मी या घरात आले. ते विकायचं नाही." मग ठरलं, दाराचं टेबल करायचं, माझ्या पुण्यातल्या वन-बीएचकेत मावेल एवढं.

आता टेन्शन असं, की दार एकच. बिघडलं तर दुसरं आणणार कुठून? आपल्या विदर्भाच्या सागाचा रुबाब तुम्हाला माहीत असेलच. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं ते बल्लारपूरहून. अशा लाकडाला कुठलंही स्वस्तातलं पातं लावायचं नसतं.

कारण साग दिसतो देखणा, पण त्याच्या अंगात सिलिका असते, म्हणजे जवळजवळ वाळूच. साध्या हायस्पीड स्टीलच्या बिटची धार ती बघता बघता खाते. बोथट बिट लाकूड कापत नाही, जाळतं. कडेवर काळे डाग पडतात, ते घासता घासता हात दुखून येतात. म्हणून सागाला आणि प्लायवूडलाही टंगस्टन कार्बाइडची धार असलेलं बिटच घ्यावं. जरा महाग पडतं, पण टिकतं.

दुसरी गोष्ट दांडीची, म्हणजे शँकची. बाजारात ६ मिलिमीटर आणि पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, अशा दोन्ही दांड्या शेजारी शेजारी मिळतात. एका दुकानदाराने मला पाव इंचाच्या मशीनसाठी ६ मिलिमीटरचं बिट पुढे केलं. "चालून जाईल साहेब, थोडं जास्त आवळा." मी नमस्कार करून बाहेर पडलो. फरक ०.३५ मिलिमीटरचाच, पण मिनिटाला तीस हजार फेरे घेणारं पातं सैल झालं तर तो फरक कुणाच्या तरी बोटाला कळतो. मोठ्या राउटरला अर्धा इंची दांडी बसत असेल तर तीच घ्या. पाव इंचीच्या दुप्पट जाड, पण वाकायला सोळापट अवघड!

मोठ्या बिटचं आणखी एक. ५० मिलिमीटर व्यासाचं बिट तीस हजार फेऱ्यांवर फिरवलं, तर त्याची धार ताशी २८० किलोमीटरच्या वेगाने धावते. म्हणून बिट जेवढं मोठं तेवढा वेग कमी. पाकिटावर कमाल वेग छापलेला नसेल तर ते बिट परत ठेवून द्या.

आणि हो, पंधरा बिटांचा चकचकीत डबा बघून भुलू नका. त्यातली दहा डब्यातच म्हातारी होतात. सुरुवातीला तीन पुरेत. खाचेसाठी सरळ बिट, कडेच्या गोलाईसाठी राउंडओव्हर आणि नमुन्याबरहुकूम कड कापायला फ्लश ट्रिम. शेवटच्या दोघांच्या टोकाला बेअरिंग हवंच. ते कडेला टेकून चालतं, म्हणून हात भरकटत नाही. दुकानातच ते बोटाने फिरवून बघा. खरखर लागली तर नको. कार्बाइडचा तुकडा जाड आहे ना आणि त्याचा जोड सलग आहे ना, तेही उजेडात धरून बघा.

एवढा अभ्यास करून मी लोहाऱ्याला पोचलो. आमच्या जुन्या सुतारकाकांनी बिट हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "पातं चांगलं हाये बाबू. पन आधी खिळे काहाड. जुन्या दारात लय खिळे राह्यते." अगदी खरं! कार्बाइड कडक असतं तसंच ठिसूळही. एक लपलेला खिळा, की धारेचा टवका गेलाच. लोहचुंबक फिरवून आम्ही सगळे खिळे शोधले. मग बिटची दांडी पूर्ण आत घालून दोन-तीन मिलिमीटर वर ओढली, आवळली. मशीन डावीकडून उजवीकडे, एका वेळी तीन मिलिमीटरच कापायचं. "घाई नोको करू," काका दर वेळी सांगायचे.

तीन कडांना सुरेख गोलाई आली. चौथ्या कडेला मी मशीन टेकवणार, तोच काकांनी हात धरला. "हे राहू दे." कडी-कोयंड्याजवळची ती कड, घरातल्यांच्या हातांनी घासून घासून आधीच गोल झालेली. तिथे बिट लावलंच नाही.