व्हॅनमधली रिकामी सीट

‘बॅकअप व्हॅन? मग बाइकने कशाला जायचं, यार?’ मनाली-काझा ट्रिपच्या प्लॅनिंगलाच आमच्यातल्या एकाने नाक मुरडलं. खरं सांगायचं तर पटलं सगळ्यांनाच होतं.

ग्राम्फू सोडलं की रस्ता म्हणजे दगडगोटे आणि मधूनमधून आडवे येणारे नाले. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, पाणी वाढतं. म्हणून पहाटेच निघायचं. बाइक कशीबशी पार होते, टेम्पो ट्रॅव्हलर मात्र रुतते. ती ढकलताना बूट भिजले आणि आम्ही तिला मनसोक्त शिव्या घातल्या. क्लच केबल, ट्यूब, मेकॅनिक, ऑक्सिजन सिलिंडर सगळं तिच्याच पोटात होतं, हे विसरून!

2,000 मीटरवरच्या मनालीहून एका दमात 4,000 मीटरजवळच्या बाटलला पोचलो आणि त्याच मित्राचं डोकं ठणकायला लागलं. मग उलट्या. मग चालताना तोल जायला लागला. पुढे कुंझुम पास, 4,500 मीटरच्याही वर. विरळ हवेच्या या त्रासावर पहिला उपाय एकच, लगेच खाली उतरणं. त्याला ऑक्सिजन लावून व्हॅनमध्ये बसवलं, त्याची बुलेट मेकॅनिकने घेतली आणि सगळे मागे फिरलो. दुपारी नाला गुडघाभर झाला होता. पुन्हा ढकलली व्हॅन. या वेळी शिव्या न घालता.

रात्री मनालीत त्याने स्वतःहून चहा मागितला, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

कुंझुम राहिला. पुन्हा जाऊ, दोन दिवस जास्तीचे ठेवून. तुम्हीही जाणार असाल, तर व्हॅन शेवटच्या बाइकच्या मागे ठेवा आणि तिच्यात एक सीट रिकामी. ती कुणाला लागेल, हे निघताना कुणालाच माहीत नसतं.