उगवली तर?

सायन्स एक्झिबिशन म्हटलं की माझ्या पिढीला आठवतो थर्माकोलचा ज्वालामुखी. खायचा सोडा, व्हिनेगर, थोडा लाल रंग आणि समोर टाळ्या वाजवणारे पालक. त्यात चुकण्यासारखं काही नसायचं आणि शोधण्यासारखंही. सोलापुरात आठवीत असलेल्या माझ्या भाचीने मात्र ज्वालामुखीला चक्क फाटा दिला. तिचा विषय ज्वारी. आता सोलापूरच्या पोरीने ज्वारीवर प्रोजेक्ट करणं म्हणजे कोल्हापूरच्या पोराने कुस्तीवर निबंध लिहिण्यासारखंच. भाकरीसाठी नावाजलेला 'मालदांडी 35-1' हा वाण मोहोळचा, आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर 2016 मध्ये जीआय टॅगसुद्धा मिळालाय.

पण या प्रोजेक्टमागे घरातलं एक भांडण होतं. आजोबांच्या, म्हणजे ताईच्या सासऱ्यांच्या रानात यंदा ज्वारी विरळ उगवली. आजोबा म्हणतात, बोअरचं पाणी खारं झालंय, ते बी मारतंय. भाऊजींचं म्हणणं, पेरणीच खोल गेली. वाद नुसता वाद राहिला असता तर ठीक. पण दोष पाण्याचा ठरला तर नवी बोअर, आणि नवी बोअर म्हणजे कर्ज. ऐन दिवाळीत फराळाच्या ताटावर हा विषय!

मी सुट्टीला गेले तेव्हा भाचीचा चार्ट तयार होता. 'खाऱ्या पाण्यामुळे ज्वारी उगवत नाही.' खाली निष्कर्षही लिहून मोकळी. पत्रकारितेत याला 'अँगल आधी ठरवणं' म्हणतात. मी विचारलं, "आणि उगवली तर?"

"असं कसं उगवंल मावशी? आजोबा सांगायलेत ना."

अंदाज बांधण्यात काहीच गैर नाही, त्याशिवाय प्रयोग सुरूच होत नाही. पण काय दिसलं तर आपला अंदाज खोटा ठरेल, हे आधी सांगता यायला हवं. नाहीतर तो प्रयोग नाही, नुसती सजावट. हे तिला पटायला अख्खी संध्याकाळ आणि दोन प्लेट चिवडा लागला.

मग मात्र पोरगी सुटली. दाणे आजोबांच्याच पोत्यातले, चांगले कालवून घेतलेले. पाणी रानातल्या बोअरचं, कॅन भरून आणलेलं. तुलनेला घरच्या फिल्टरचं पाणी. बशीत टिश्यू पेपर, त्यावर 25 दाणे, वर झाकण. पाण्याचं माप प्रत्येक बशीत सारखं. एका बशीवर विसंबायचं नाही, म्हणून प्रत्येक पाण्याला चार बश्या. 'उगवलं' म्हणजे नक्की काय, तेही ठरलं: मूळ किमान 2 मिलिमीटर बाहेर आलं पाहिजे. आजोबांना कोंब दिसतो आणि भाऊजींना दिसत नाही, असली भानगड नको.

मला सगळ्यात आवडलं ते तिसरं पाणी. समजा, बोअरच्या पाण्याने काहीच फरक पडला नाही, तर पाणी निर्दोष की आपली पद्धतच कच्ची, हे कळणार कसं? म्हणून एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम मीठ घालून मुद्दाम खारं पाणी केलं. बी आधी पाणी शोषून घेतं आणि मग उगवायला लागतं. बाहेर मीठ जास्त असलं की ते शोषणंच अवघड होतं, शिवाय जास्त सोडियम बीला बाधतो. म्हणजे इथे तरी उगवण घटायलाच हवी. इथेही घटली नाही तर सगळा खेळ पुन्हा मांडायचा.

राहिला प्रश्न बश्या ठेवायच्या कुठे. खिडकीजवळ ऊब जास्त, म्हणून बाराही जागांसाठी चिठ्ठ्या टाकल्या. बश्यांवर फक्त आकडे, कुठल्या आकड्याला कुठलं पाणी हे एकट्या ताईला माहीत. मोजणारीला पत्ता नाही! हा फंडा जुना आहे. 1920 च्या दशकात इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशरच्या एका सहकारी बाई म्हणाल्या, कपात दूध आधी घातलं की चहा, हे मी चवीवरून सांगते. फिशरने आठ कप मांडले, चार असे, चार तसे, क्रम नशिबावर सोडलेला. नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता 70 मध्ये एक. 1935 च्या आपल्या पुस्तकात त्याने चहाच्या या प्रयोगावरूनच मुद्दा समजावला. आपल्याकडे शेतीतल्या प्रयोगांचं गणित मांडणारं 1954 चं गाजलेलं पुस्तक पानसे आणि सुखात्मे यांचं. त्यातले सुखात्मे साताऱ्याकडच्या बुध गावचे.

चौथ्या दिवशी मोजणी. फिल्टरचं पाणी: 100 पैकी 91. मिठाचं: 38. आणि बोअरचं: 89. फिल्टरच्याच चार बश्यांत 22 ते 24 असा फरक होता, त्यामुळे 91 आणि 89 मधल्या दोन दाण्यांना काही अर्थ नव्हता. भाची रडवेली. शाळेतून सल्ला आला, बोअरचे आकडे जरा खाली घे, निष्कर्ष उठून दिसेल. ती म्हणाली, "मग आजोबांना काय सांगू?"

आकडे तसेच राहिले. चार्टवर तिने लिहिलं, 'माझा अंदाज चुकला.' नंबर आला नाही.

आजोबा मात्र त्या चार्टसमोर बराच वेळ उभे होते. बी चांगलं, उगवणीपुरतं पाणीही चांगलं, म्हणजे भाऊजींची सरशी? तसंही नाही. बशी म्हणजे रान नव्हे. खारं पाणी देत राहिलं की पाणी उडून जातं, क्षार मातीत साठत जातात, आणि टिश्यू पेपरवर ते चार दिवसांत दिसणार नाही. हे आजोबांनीच काढलं, आणि मुद्दा बिनतोड होता. बोअर तूर्त थांबली आहे. गॅलरीत आता कुंड्या आल्यात: अर्ध्यांत रानातली माती, अर्ध्यांत बांधावरची, जिला बोअरचं पाणी कधी लागलेलं नाही. दोन्हींत काही दाणे 5 सेंटिमीटर खोल, काही 10. कुंड्यांच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकायचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलंय.