शिल्लक रजा

बँकेतील सेवा संपवून मी निवृत्त झालो, तेव्हा शिल्लक असलेल्या 240 दिवसांच्या रजेचे पैसे माझ्या खात्यात जमा झाले. त्यासाठी अर्जविनंत्या कराव्या लागल्या नाहीत, की कुणाचे उपकार मानावे लागले नाहीत. तो माझा हक्कच होता. त्या रकमेची आठवण पुढे अशा एका प्रसंगी झाली की, तो सांगताना आजही थोडा संकोच वाटतो.

निवृत्तीनंतर मी सांगलीच्या मार्केट यार्डात धाकट्या भावाच्या हळदीच्या पेढीचे हिशेब पाहू लागलो. 2024 च्या भाद्रपदात, पर्युषण पर्व तोंडावर आले असताना, पेढीच्या जुन्या दिवाणजींचे पत्र आले. अकरा वर्षे नोकरी करून त्यांनी 2019 च्या अखेरीस राजीनामा दिला होता. पत्रात तक्रारीचा सूर नव्हता. 45 दिवसांच्या शिल्लक रजेचे वेतन मिळावे, एवढीच दोन ओळींची मागणी होती.

भाऊ वैतागला. "दादा, माणूस आपणहून सोडून गेला. जाताना चकार शब्द काढला नाही. आता पाच वर्षांनी कसली रजा?" मीही त्याच्याच बाजूने बोललो. वेतन प्रदान अधिनियमाखाली दाव्याला बारा महिन्यांची मुदत असते, ती केव्हाच उलटली, असे सांगून त्याला निश्चिंत केले.

नकाराचे उत्तर लिहिण्यासाठी मी जुने हजेरीपत्रक काढले. त्याच्या पानांत दिवाणजींचे रजेचे तीन अर्ज सापडले. एक मुलीच्या लग्नाचा होता. तिन्हींवर भावाच्या अक्षरात एकच शेरा होता : "हंगाम आहे. नंतर पाहू."

ते "नंतर" कधी आलेच नव्हते.

मग मी कायदा नीट वाचला. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार, तेव्हा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या पेढीत वर्षात 240 दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळत असे, आणि ती 45 दिवसांपर्यंत साठवता येत असे. मागूनही रजा नाकारली गेली आणि नंतर कामगाराने राजीनामा दिला, तर शिल्लक रजेचे पूर्ण वेतन मालकाने द्यावयाचे असते. आमच्या पेढीवर चौदा माणसे आहेत.

मुदतीविषयीचे माझे ज्ञानही अपुरेच निघाले. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम 33-सी (2) खाली कामगार न्यायालयात मागणी करण्यास मुदतीची मर्यादा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने बॉम्बे गॅस कंपनी विरुद्ध गोपाळ भिवा या खटल्यात 1963 मध्येच दिलेला होता. तेथेही प्रश्न कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या थकलेल्या वेतनाचाच होता, आणि निकाल लिहिणारे न्यायमूर्ती होते सातारचे गजेंद्रगडकर.

परंतु मला खरी टोचणी कायद्याची नव्हती. तीन वर्षांत वसूल न झालेले कर्ज मुदतबाह्य होते, म्हणून मुदत संपण्यापूर्वी कर्जदाराची कबुली घेण्यासाठी मी नोकरीत किती धावपळ केली! मुदत संपली म्हणजे देणे संपत नाही, वसुलीचा मार्ग तेवढा बंद होतो, हे मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवीत असे. तेच देणे आपल्या घरचे निघताच मी मुदतीच्या आडोशाला जाऊन उभा राहिलो होतो. दुसऱ्याचे न दिलेले घेणे, यास आपल्याकडे अदत्तादान म्हणतात. दुसऱ्याचे स्वतःजवळ ठेवून घेणे त्याहून निराळे कसे?

मी तिन्ही अर्ज भावापुढे ठेवले. तो बराच वेळ बोलला नाही. मग रागाने म्हणाला, "तू पेढीचा हिशेब पाहतोस की माझा?" दोन दिवस आमच्यात अबोला होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच विचारले, "किती होतात?" शेवटचा पगार 15,600 रुपये, म्हणजे 26 दिवसांच्या हिशेबाने रोजचे 600, आणि 45 दिवसांचे 27,000. एका चांगल्या लिलावाच्या दिवशी एवढ्या रकमेकडे पेढीत कुणाचे लक्षही जात नाही.

क्षमावाणीच्या दिवशी आम्ही दोघे दिवाणजींच्या घरी गेलो. भावाने हात जोडले आणि धनादेश पुढे केला. दिवाणजींनी चष्मा लावून आकडा वाचला, आणि शांतपणे विचारले, "मालक, व्याज?"

क्षणभर सगळे गप्प झाले. मग भाऊ मोठ्याने हसला. "अकरा वर्षे आमच्याच गादीवर बसलात, हे शिकणारच!" बचत खात्याच्या दराने व्याज धरून त्याने 31,000 चा नवा धनादेश लिहून दिला.

त्या दिवाळीपासून पाडव्याला नव्या वहीत येणेदेणे ओढताना, आमच्या पेढीत प्रत्येक माणसाची शिल्लक रजाही ओढली जाते. देण्याच्या बाजूला.