रेषेबाहेरचे गुरुजी

कबड्डीच्या मैदानावर उतरणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींचे पंचाशी सहसा भांडण नसते. शिट्टी वाजते, पंचाचा हात वर जातो, बाद झालेले पोर क्षणभर ओठ चावते आणि मुकाट्याने जाऊन बसते. भांडण सुरू होते ते रेषेबाहेरून. आणि ते सुरू करणारी व्यक्ती बहुधा चाळिशीची, सुशिक्षित आणि गळ्यात स्वतःची शिट्टी अडकवलेली असते. बोदवड परिसरातील शालेय सामन्यांत गेली वीसेक वर्षे सवडीप्रमाणे पंचाचे काम केल्यावर आम्ही या निष्कर्षाला आलो आहोत. तो वाचक कुटुंबांपुढे मांडावासा वाटतो, कारण ही मुले आपली आहेत आणि हे शिक्षकही आपलेच आहेत.

धर्मगुरू आणि कबड्डीचा पंच ही जोडी काहींना विजोड वाटेल. सेमिनरीत संध्याकाळचा एक तास खेळाचा असे. तेथे आम्ही कबड्डी खेळलो, गुडघे फोडून घेतले आणि नियमांची गोडी लागली म्हणून पुढे पंच परीक्षाही दिली. ग्रामीण शाळांना पंच कमी पडतात. त्यामुळे ‘फादर, शनिवारी येता का?’ असा निरोप येतो आणि आम्ही जातो.

पावसाळा ओसरू लागला की तालुक्याच्या स्पर्धांचे दिवस येतात. शिवारात कपाशीला बोंडे धरत असतात. काळ्या मातीतील ढेकळे फोडून, पाणी मारून मैदान तयार करतात आणि त्यावर फक्कीच्या रेषा आखतात. दुसरा सामना संपेपर्यंत त्यांतील निम्म्या रेषा मुलांच्या अंगाला लागलेल्या असतात. तीस सेकंदांची एक चढाई. तेवढ्यात चढाई करणाऱ्याचे बोट बचावपटूच्या बाहीला लागले की नाही, हे पापणी लवण्याच्या अवधीत ठरवायचे असते. कॅमेरा नाही, पुन्हा पाहण्याची सोय नाही. गावाकडच्या कबड्डीत म्हणूनच एक जुनी रीत आहे: ज्याला स्पर्श झाला तो आपण होऊन हात वर करतो आणि बाहेर पडतो. पंचाला जे दिसले नाही ते खेळाडू सांगतो. या खेळाचा अर्धा न्याय अशा प्रामाणिकपणावर चालत आला आहे.

काही वर्षांपूर्वी चौदा वर्षांखालील मुलांच्या एका सामन्यात हेच घडले. दोन्ही संघांचे गुण जवळजवळ समान होते. चढाई करणारा मुलगा परतला. आम्हाला स्पर्श दिसला नव्हता, दुसऱ्या पंचालाही दिसला नव्हता. कोपरा सांभाळणाऱ्या एका किरकोळ अंगाच्या मुलाने मात्र हात वर केला आणि तो चालू लागला. त्याच्या प्रशिक्षकांनी त्याचा दंड धरला आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, ‘पंचाने पाहिले नव्हते ना? मग तू कशाला निघालास, शहाण्या?’ मुलगा काही बोलला नाही. तो संघ एका गुणाने हरला. दुपारच्या सत्रात त्याच संघाचा आणखी एक सामना होता. त्यात पुन्हा तसाच प्रसंग आला. या वेळी त्या मुलाने हात वर केला नाही. त्याने आधी सरांकडे पाहिले.

त्या नजरेचा आम्हाला आजही विसर पडलेला नाही. त्या मुलाने सकाळी खरे सांगितले होते आणि त्याची शिक्षा त्याला गुरूकडूनच मिळाली. घरी आईने, चर्चमध्ये आम्ही आणि वर्गात बाईंनी जे अनेक वर्षे शिकवले, ते चारचौघांत एका वाक्याने पुसले गेले. मैदानावरचे शिक्षण शरीरात मुरते, म्हणून ते वर्गातल्या शिक्षणापेक्षा खोल जाते. दहा वर्षांनी तोच मुलगा कोठे तरी हिशेब लिहीत असेल, कोणाची साक्ष देत असेल. तेव्हाही तो आधी कोणाकडे तरी पाहील, अशी भीती वाटते.

असे प्रकार निरनिराळ्या रूपांत दिसतात. वेळ काढण्यासाठी खेळाडूला खोटे लंगडायला सांगणे, प्रत्येक निर्णयावर गुणलेखकाच्या टेबलाशी धावून येणे, ‘संघ उचलतो’ अशी धमकी देणे, मुलींच्या सामन्यात प्रतिस्पर्धी मुलींना त्यांच्या रूपावरून डिवचणे. यांतील बहुतेक गोष्टींवर सरपंचाच्या खिशात उपाय असतो: हिरवे, पिवळे, लाल कार्ड. मात्र एक प्रकार मैदानाबाहेर, कागदावर घडतो आणि तो थेट आमच्या कार्यालयापर्यंत आला आहे. आमच्या धर्मग्रामातील एका मुलाला वयोगटात बसवण्यासाठी त्याच्या प्रशिक्षकांनी बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील जन्मतारीख बदलून मागितली. मुलाची जन्मनोंद वेळेवर झालेली नव्हती, म्हणून हा दाखला महत्त्वाचा होता. ‘फादर, एका वर्षाचा तर प्रश्न आहे. पोराचे भले होईल,’ असे ते म्हणाले. नोंदवहीत जे आहे तेच दाखल्यावर येईल, असे आम्ही सांगितले. मुलाची निवड हुकली. त्याची आई कित्येक आठवडे आमच्याशी नीट बोलली नाही. तिचे दुःख खरे होते. पण त्या जागी दुसऱ्या गावचा, खरोखर त्या वयाचा एक मुलगा खेळला. त्याच्या आईला आम्ही ओळखतही नाही.

या शिक्षकांना खलपुरुष ठरवणे सोपे आहे आणि अन्यायाचेही आहे. अनेक शाळांत सर्व वर्गांसाठी एकच क्रीडाशिक्षक असतो. वर परीक्षेची, निवडणुकीची कामे. कित्येक जण स्वतःच्या पगारातून मुलांना बूट घेतात, पहाटे मैदानावर हजर असतात, बसभाडे भरतात. दुसरीकडे दहावी-बारावीला मिळणारे क्रीडागुण, शासकीय नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण, संस्थाचालकांना हवा असलेला चषक आणि ‘आमचा मुलगा बाहेर का बसला?’ असे विचारणारे पालक, असा सर्व भार त्यांच्यावर येतो. एका गुणावर एका कुटुंबाचे भवितव्य लटकलेले आहे असे वाटू लागले, की पंच शत्रू दिसू लागतो. भार समजून घेतला पाहिजे. तो मुलाच्या खांद्यावर उतरवणे मात्र मान्य करता येत नाही.

पुढे हीच सवय मोठ्या आखाड्यात कोठे पोहोचते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत शिवराज राक्षे यांनी पराभवाच्या निर्णयावरून पंचाची कॉलर धरली आणि त्यांना लाथ मारली. त्याच दिवशी अंतिम लढतीत महेंद्र गायकवाड गुणाच्या वादावरून कुस्ती सोडून निघून गेले. पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरले आणि त्या दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर पुष्कळ चर्चा झाली. आम्हाला त्या चर्चेत शिरायचे नाही. निर्णय चुकला असे गृहीत धरले तरी लाथ बरोबर ठरत नाही, एवढे समजण्यास कुस्तीचे ज्ञान लागत नाही. दूरदर्शनच्या पडद्यासमोर बसलेल्या तालमीतील पोरांना त्या रात्री त्यांच्या वस्तादांनी काय सांगितले असेल, हा प्रश्न आमच्या मनात राहिला.

पंच चुकतात, नियमही कधी गोंधळात टाकतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारत आणि इराण यांच्या पुरुष कबड्डीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या काही क्षणांत राखीव क्षेत्राच्या नियमावरून वाद झाला. जुना नियम लावायचा की नवा, यावर निर्णय फिरले, खेळाडू मॅटवर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. जाणकारांची ही गत, तर गावच्या मैदानावरील पंचाकडून चूक होणारच. त्यासाठी रीतसर मार्ग आहे: कर्णधाराने विचारावे, सामन्यानंतर लेखी हरकत नोंदवावी. असा अर्ज देणाऱ्या प्रशिक्षकाचा आम्हाला कधी राग आलेला नाही. तो आपल्या मुलांना न्याय मागण्याची योग्य पद्धत शिकवत असतो.

प्रशिक्षकाने नेमके काय करावे याचे एक उत्तम उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. फेब्रुवारी १९८१ मध्ये मेलबर्न कसोटीत सुनील गावसकर सत्तर धावांवर लिलीच्या चेंडूवर पायचीत दिले गेले. चेंडू आधी बॅटला लागला, अशी त्यांची खात्री होती. रागाच्या भरात ते जोडीदार चेतन चौहान यांनाही मैदानाबाहेर घेऊन निघाले. दोघेही बाहेर गेले असते तर सामना सोडून दिल्याची वेळ आली असती. सीमारेषेपाशी संघाचे व्यवस्थापक विंग कमांडर दुराणी उभे होते. त्यांनी चौहान यांना तेथूनच परत खेळपट्टीकडे पाठवले. पुढे ऑस्ट्रेलियाचा डाव ८३ धावांत कोसळला आणि भारताने तो सामना जिंकून मालिका बरोबरीत सोडवली. आपल्या त्या कृतीबद्दल गावसकरांनी नंतर खेद व्यक्त केला. दुराणींनी पंचाचा निर्णय योग्य होता असे म्हटले नाही. त्यांनी फक्त आपल्या माणसाला मैदानाकडे वळवले. रेषेबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचे काम एवढेच आहे आणि ते फार मोठे आहे.

तसे शिक्षक आपल्याकडेही आहेत. एका मुलींच्या शाळेचे वयस्कर सर हरल्यावर आधी आपल्या संघाला रांगेत उभे करतात. प्रत्येक मुलगी प्रतिस्पर्ध्यांशी, मग पंचांशी हात मिळवते, त्यानंतरच पाणी प्यायला जाते. एकदा आमचा एक निर्णय त्यांच्या विरोधात गेला होता. ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘फादर, मला वेगळे दिसले. पण शिट्टी तुमची.’ त्यांच्या मुली आजही स्पर्श झाला की हात वर करतात.

पालकांना आमची एकच विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी सामना खेळून घरी आली की, सर काय म्हणाले, हे अवश्य विचारा. सरांनी खरे बोलल्याबद्दल रागावले असेल, तर दुसऱ्या दिवशी शाळेत जा, त्यांना भेटा आणि शांतपणे सांगा की आम्हाला चषक नसला तरी चालेल. हे वाक्य त्यांना कोणीही पालक सांगत नाही. ‘जिंकलेच पाहिजे’ एवढेच सगळीकडून ऐकू येते. कदाचित ते वाक्य ऐकून त्यांच्या डोक्यावरचेही थोडे ओझे उतरेल.