धुराचा जमाखर्च

दीपावलीला, भगवान महावीरांच्या निर्वाणपर्वी, व्यापारी कुटुंबांत नव्या वह्यांचे पूजन होते. त्या वह्यांत मालाचे वजन, भाव, हमाली, भाडे व व्याज यांची नोंद असते. धुराची मात्र आजवर कोणी ठेवली नाही. आता परदेशी ग्राहक तीच मागू लागला आहे.

युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन-समायोजन व्यवस्था १ ऑक्टोबर २०२३ रोजी केवळ माहिती देण्यापुरती सुरू झाली. १ जानेवारी २०२६ पासून तिला आर्थिक दायित्व जोडले गेले. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन व वीज यांना ती लागू आहे. प्रमाणपत्रे तेथील आयातदाराने घ्यावयाची. पण त्यांचा भार भावात उतरून येथील पुरवठादारापर्यंत पोहोचतो. उत्सर्जनाचा पडताळलेला हिशेब नसल्यास ठरावीक आकडे धरले जातात. मग कमी धूर करणारा, परंतु नोंद न ठेवणारा लहान कारखानदार अकारण दंड भरतो.

गोंदियाचे धन म्हणजे धान. तांदूळ आज या यादीत नाही. म्हणून गिरणीमालकाने निर्धास्त राहावे काय? उष्णा तांदळाच्या गिरणीत बॉयलरला धानाचा भुसा चालतो. शंभर किलो धानातून सुमारे वीस किलो भुसा निघतो. हे इंधन कोळशाहून उजवे खरे. पण किती भुसा जळला, किती वीज लागली, हे वहीत नसेल तर त्या उजवेपणाला बाजारात भाव नाही. जिल्ह्यातच तिरोडा येथे ३,३०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते, हेही विसरता येत नाही.

दोन शतके धूर करून श्रीमंत झालेल्यांनी आता इतरांकडून मोल घ्यावे, ही तक्रार रास्त आहे. भारताने २०२३ मध्ये स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. देशात प्रत्यक्ष भरलेले कार्बनमूल्य युरोपातील देण्यातून वजा करून मागता येते. तसे झाले तर तो पैसा देशातच राहील.

श्रावकाला हा विचार परका नाही. पंधरा कर्मादानांत पहिलेच अंगारकर्म आहे, आणि अग्निकाय-वायुकाय जीवांची यतना त्याला बालपणापासून शिकविली जाते. खोटा लेख करणे, कूटलेखक्रिया, हा तर सत्याणुव्रताचा अतिचार. तेव्हा धुराचा हिशेब ठेवावा आणि तो खरा ठेवावा. येत्या पाडव्याला नव्या वहीत एक पान इंधनाचे व विजेचे उघडले, तर ग्राहक मागेल त्या दिवशी मुलांना कोऱ्या कागदावर आकडे रचावे लागणार नाहीत.