हवेतल्या मिनिटांचा हिशोब

सणसवाडी-शिक्रापूर पट्ट्यात लग्नाच्या ऑर्डरमध्ये ‘ड्रोनसकट’ हा शब्द आता आपसूक येतो. १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींच्या कायद्यावर शिक्कामोर्तब केल्यापासून घाटावरची बारी, म्हणजे बैलजोडीची धावही, वरून टिपलेली हवी असते. म्हणून तरुण फोटोग्राफर कर्ज काढून ड्रोन घेतो. तो यंत्राची किंमत विचारतो; हवेतल्या मिनिटांची विचारत नाही. बॅटरीवर अर्धा तास लिहिलेला असला, तरी वारा आणि परतीचा राखीव चार्ज धरता हाती वीसेक मिनिटं उरतात. वरातीपासून पाठवणीपर्यंत पुरायचं तर तीन-चार बॅटऱ्या लागतात, आणि त्या काही मोसमांत फुगतात. समजा, संच दोन लाखांचा, तीन वर्षं टिकला, वर्षाला पंचवीस कामं मिळाली. तर दर कामाचे सुमारे २,७०० रुपये नुसतं यंत्रच खातं. त्यावर दुरुस्ती वेगळी. शर्यतीत उधळलेला भंडारा पिवळ्या पिठासारखा कॅमेरा स्थिर धरणाऱ्या गिंबलच्या सांध्यात बसला, की चित्र थरथरू लागतं. फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. आडमार्गाने आलेल्या यंत्राला हक्काची वॉरंटी कोण देणार?

‘परवाना विचारतंय कोण?’ असं म्हणणारे भेटतात. पण ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमहून जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर पायलटचं प्रमाणपत्र लागतं, त्रयस्थाचा विमा लागतो. नियम मोडल्यास लाखापर्यंत दंड आहे. हलका नॅनो घेतला तर प्रमाणपत्राची अट सुटते खरी, पण वैशाखातल्या वावटळीत तो तग धरत नाही, आणि मांडवातल्या माणसांवर काहीही पडलं तरी जबाबदारी सुटत नाही. शिवाय २०२४ च्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनच्या धास्तीने शिरूर-दौंडकडच्या गावांनी रात्री जागून काढल्या. तेव्हापासून वर घरघर झाली की लोक मान वर करून बघतात. गावाचा असा गमावलेला विश्वास मला विम्याच्या हप्त्याहून महाग वाटतो.

त्यापेक्षा ड्रोन भाड्याने बोलावणं परवडतं. भाड्याचा ऑपरेटर मुहूर्ताच्या दिवशी मिळत नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे; सगळी लग्नं त्याच तारखांना असतात. ज्याच्या वहीत त्या तारखा आधीच भरल्या आहेत, त्याने प्रमाणपत्र काढावं, विमा उतरवावा आणि मगच स्वतःचा ड्रोन घ्यावा. बाकीच्यांनी प्रमाणित ऑपरेटरला तारीख ठरताच विसार द्यावा.